जर्क येत नाही असं लिहिण्याआधी हे करून बघा

हॅमरने टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, मारलं की स्नायू आपोआप आखडतो, तो जर्क. केस शीट उघडली की त्याच्या, म्हणजे डीटीआरच्या, रकान्यात एकतर सगळीकडे टू प्लस (नॉर्मल) असतं, नाहीतर घोट्याचा जर्क नाही म्हणून "अँकल जर्क अ‍ॅबसेंट". पहिलं लिहिणाऱ्याने हॅमर बॅगेतून काढलेलाच नसतो. दुसऱ्याने काढलेला असतो, पण पेशंटचा पाय ताठ असताना दोनदा ठोकून, नाही येत म्हणून सोडून दिलेलं असतं. मी फिजिओ आहे, दर वर्षी इंटर्न्सची नवी बॅच माझ्याकडे पोस्टिंगला येते आणि दर वर्षी याच चुका बघते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. मी स्वतः इंटर्न असताना एका काकांचे दोन्ही अँकल जर्क नाहीत असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. राऊंडला सर आले, काहीही न बोलता काकांचा गुडघा थोडा वाकवून बाहेर वळवला, तळपाय हाताने वर धरला, एकदाच मारलं आणि पाऊल टणकन खाली गेलं. काका म्हणाले, "यांनी जोरात मारलेलं, तुम्ही हळूच मारलंत." तेव्हा काय वाटलं ते अजून लक्षात आहे.

थोडक्यात यंत्रणा, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेंडनवर मारलं की स्नायू क्षणभर ताणला जातो, ती बातमी नसेतून मणक्यातल्या कॉर्डपर्यंत (मज्जारज्जूपर्यंत) जाते आणि तिथूनच परत फिरून स्नायूला आखडायला सांगते. मेंदूला कोणी विचारत नाही, मेंदूचं काम फक्त वरून ब्रेक दाबून ठेवायचं. म्हणजे खालची वायर कुठेही तुटली तर जर्क कमी होणार किंवा जाणार, आणि वरचा ब्रेक सुटला तर जर्क वाढणार. पॉवर बघायची तर पेशंटने जोर लावायला हवा, सेन्सेशन बघायचं तर त्याने नीट सांगायला हवं, जर्कला यातलं काही लागत नाही, बेशुद्ध माणसातही बघता येतो. त्याला फक्त एक गोष्ट लागते, स्नायू सैल असणं. आणि नेमकं तेच आपण करून घेत नाही.

## १. हॅमर काढायच्या आधी

हॅमर. तिकोनी रबरवाला छोटा टेलर हॅमर स्वस्त असतो म्हणून सगळ्यांकडे तोच असतो. चालतो, पण हलका असल्यामुळे आपण जोर लावायला लागतो आणि तिथून गडबड सुरू होते. लांब दांड्याचा, गोल चकतीचा क्वीन स्क्वेअर मिळाला तर तो घ्या, त्याचं वजनच अर्धं काम करतं. स्टेथोच्या कडेने मारणं, मोबाईलच्या कोपऱ्याने मारणं (हो, बघितलंय) बंद करा.

कपडे. जीन्स किंवा घट्ट लेगिंग मांडीपर्यंत गोळा करून वर सरकवली की ती पट्ट्यासारखी आवळते आणि मांडीचा स्नायू दिसतही नाही. सैल लेंगा नाहीतर हॉस्पिटलचा गाऊन बरा. बायकांची साडी गुडघ्याच्या वरपर्यंत घ्यायची असेल तर आधी पडदा ओढा, वरून चादर द्या, काय करणार ते सांगा. लाजेने आखडलेल्या बाईचा जर्क तुम्हाला काय डोंबल मिळणार?

चार प्रश्न. शुगर आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा कधीपासून. हे आधी विचारलं तर नंतर उत्तर वाचता येतं.

थंडी. एसीच्या रूममध्ये गारठलेला पाय आखडतो आणि जर्क मंद वाटू शकतो. पाच मिनिटं चादर घाला. तुमचे हातही गार असतील तर चोळून घ्या.

> सांभाळा: सलाईनची सुई असलेल्या जागेजवळ, फ्रॅक्चरच्या आसपास, ताज्या टाक्यांवर आणि डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलावाल्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर हॅमर चालवायचा नाही. त्या हाताचा जर्क का बघितला नाही ते कारणासकट लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

## २. पेशंटला सैल करणं (खरं काम इथेच आहे)

"रिलॅक्स व्हा" म्हटलं की माणूस जास्तच ताठ होतो, हा माझा रोजचा अनुभव. "पाय सैल सोडा" म्हटलं की बरेचजण मदत म्हणून स्वतःच पाय उचलून देतात. त्यांना वाटतं डॉक्टरला कशाला त्रास. इंटर्न लोक घाईत "पाय मेल्यासारखा सोडा" म्हणतात, ते तर अजिबात नको, एका आजींनी त्यावर इंटर्नला असं झापलं होतं की वॉर्डभर ऐकू गेलं.

मला चालणारी वाक्यं अशी: "आजी, पायाचं सगळं ओझं माझ्या हातावर टाका, मी धरलाय, पडणार नाही." हाताला म्हणायचं, "ओला टॉवेल दोरीवर लोंबतो ना, तसा लोंबू द्या." विदर्भातल्या पेशंटला "ढिल्ला सोडा" लगेच कळतं. मग हात किंवा पाय दोन-तीनदा हळू हलवून बघायचा. जड लागला तर सैल आहे, हलका लागला तर तो माणूस अजून स्वतः उचलतोय.

मध्येच गप्पा मारा. गाव कुठलं, नातवंडं किती, आज नाश्त्याला काय दिलं. पेशंट उत्तर शोधत असतो तेव्हा पाय विसरलेला असतो, मारायची वेळ तीच. एक मात्र बघा, त्याची नजर हॅमरवर नको. हॅमर येताना दिसला की तो आधीच आखडतो, नाहीतर मारायच्या आधीच गुडघा उडवून दाखवतो आणि हसतो.

> तपासा: हात-पाय जड लागतोय का? डावी-उजवी पोझिशन हुबेहूब सारखी आहे का? एक पाय वाकलेला आणि दुसरा सरळ असताना केलेली तुलना फुकट आहे.

## ३. हॅमर धरायचा कसा

दांड्याच्या टोकाकडे, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, सैल. हालचाल मनगटातून. हॅमर स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा आणि लागला की लगेच उडू द्यायचा. मारून तिथेच दाबून ठेवलं की जर्क मरतो, आणि दांड्याच्या मुंडक्याशी धरून टुकटुक करणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं झालं. एका जागी दोन-तीनदा बस. येत नाही म्हणून दहा वेळा मारलं की पेशंट वैतागतो, आखडतो आणि मग उरलासुरला पण जातो.

आणि बघायचं कुठे? सगळे पाऊल उडतं का बघतात. आधी स्नायू बघा. कधीकधी सांधा हलत नाही पण स्नायू मात्र स्पष्ट आखडतो, तो जर्क आहे, तो शून्य नाही. मोकळा हात स्नायूवर ठेवला तर हातालाही कळतं.

## ४. क्रम: एक जर्क, दोन बाजू

उजवा हात पूर्ण, मग डावा हात पूर्ण असं करू नका. उजवा बायसेप्स की लगेच डावा बायसेप्स, मग पुढचा. दोन बाजूंत फरक आहे का हेच तर बघायचंय, आणि चार मिनिटांपूर्वी मारलेला जर्क केवढा होता ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

कंसातले आकडे म्हणजे तो जर्क मणक्यातल्या कोणत्या नसेवर चालतो ते.

बायसेप्स (सी ५-६). कोपर साधारण काटकोनात, हात मांडीवर किंवा पोटावर. आधी "हात वाकवा" म्हणून थोडा अडवा, कोपराच्या खळीत दोरीसारखं टेंडन बोटाला लागेल. त्यावर स्वतःचा अंगठा ठेवा, परत हात सैल करून घ्या आणि आपल्याच अंगठ्यावर मारा. अंगठ्याला लागलं तर जोर जास्त झाला, इतकं सोपं माप आहे.

सुपिनेटर (सी ५-६). हात मांडीवर, अंगठा वरच्या बाजूला. मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या खालच्या भागावर मारायचं. इथे हाड उघडं असतं, दुखतं, म्हणून मध्ये आपलं बोट ठेवलं तर बरं. कोपर किंचित वाकायला हवं. कोपर न वाकता नुसती बोटं मिटली तर त्याला इन्व्हर्टेड सुपिनेटर म्हणतात, आणि ती मानेत सी ५-६ पाशी कॉर्ड दबत असल्याची खूण असू शकते. हे कळलं नाही तर माणूस महिनोन्महिने मानेचा शेक घेत बसतो, म्हणून बोटांवर लक्ष ठेवा.

ट्रायसेप्स (मुख्यतः सी ७). दंड आपल्या हातावर लोंबता ठेवा, कोपराच्या टोकाच्या जरासंच वर, मागच्या बाजूने मारा. कॉमन चूक म्हणजे खूप वर मारणं. तिथे स्नायूचं मांस आहे, ते ठोकल्यावर जागच्या जागी आखडतं आणि आपण खूश होतो की जर्क आला.

नी जर्क (एल ३-४). बेडच्या कडेला बसवा, पाय लोंबते, तळपाय जमिनीला किंवा स्टुलाला टेकलेले नकोत. झोपलेला पेशंट असेल तर दोन्ही गुडघ्यांखालून आपला हात घालून दोन्ही एकदम थोडे उचला. वाटी आणि तिच्या खालचा नडगीवरचा उंचवटा, यांच्या मधल्या मऊ जागेत मारायचं. जागा आधी बोटाने चाचपा, जाड माणसात अंदाजाने मारून चुकतंच. नजर मांडीवर. जर्क आल्यावर पाय घड्याळाच्या लंबकासारखा बराच वेळ झुलत राहिला तर तसं लिहा, सेरेबेलमच्या (तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या) आजारात तो असा दिसतो.

अँकल जर्क (एस १). सगळ्यात जास्त खोटे शून्य इथे लिहिले जातात. झोपलेल्या पेशंटचा गुडघा थोडा वाकवून पाय बाहेर वळवा, बेडकासारखा, मग एका हाताने पाऊल वर धरून टेंडनला हलका ताण द्या. हा ताणच लोक विसरतात, लोंबत्या सैल टेंडनवर मारून काय होणार. जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे: पाऊल तसंच वर धरून आपली बोटं तळपायाच्या पुढच्या उंचवट्यावर सपाट ठेवायची आणि त्या बोटांवर मारायचं. वयस्कर माणसांत, ज्यांचा पाय वळवता येत नाही त्यांच्यात हे फार सोयीचं पडतं. तिसरा म्हणजे खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करणं, पावलं मागे लोंबती. थायरॉइड कमी असलेल्या पेशंटमध्ये पाऊल पटकन खाली जातं पण परत यायला रेंगाळतं, ते या पोझिशनमध्ये छान दिसतं.

## ५. नाही आला? अजून लिहू नका

आधी पोझिशन बदला. मग रिइन्फोर्समेंट (दुसरीकडे जोर लावायला लावून जर्क बाहेर काढणं), म्हणजे जेंड्रासिक. पायाच्या जर्कसाठी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवायची आणि बाहेर ओढायची. हाताच्या जर्कसाठी दात आवळायचे किंवा दुसऱ्या हाताची मूठ.

इथे टायमिंग चुकतं. इंटर्न सांगतो "ओढा", मग हॅमर शोधतो, जागा शोधतो, तोवर पेशंट बिचारा लाल होऊन ओढतोय. परिणाम काही क्षणच टिकतो. हॅमर हवेत तयार ठेवा, पेशंटला सांगा "मी ओढा म्हटलं की जोरात ओढा", आणि "ओढा" म्हणताक्षणी मारा. मग सैल करायला सांगा. ज्या बाजूला ही युक्ती वापरली ती दुसऱ्या बाजूलाही वापरायची, नाहीतर तुलना गेली.

पोझिशन बदलून, जेंड्रासिक करून, स्नायूवर हात ठेवूनही काहीच नाही, तर आता शून्य.

## ६. प्लांटर शेवटी

प्लांटर म्हणजे तळपायाला ओरखडा काढून अंगठा कुठे जातो ते बघणं. ओरखडा काढल्यावर पेशंट पुढचा अर्धा तास पाय सैल सोडत नाही, म्हणून हे सगळ्यात शेवटी. चावीचं बोथट टोक किंवा हॅमरच्या दांड्याचं टोक चालतं, सुई चालत नाही. पाय सरळ, घोटा आपल्या हाताने धरलेला. टाचेच्या बाहेरच्या बाजूने सुरू करून करंगळीच्या मुळापर्यंत, मग वळण घेऊन आत, अंगठ्याच्या मुळाच्या आधी थांबायचं. सावकाश, एकाच ओढीत. तळव्याच्या मधोमध गेलात तर गुदगुल्या होतात आणि पाय झटकला जातो.

अंगठ्याची पहिली हालचाल मोजायची. खाली गेला तर नॉर्मल, वर गेला तर बॅबिन्स्की, बाकीची बोटं पंख्यासारखी पसरतील किंवा नाही पसरणार. अख्खा पायच ओढून घेतला तर ते उत्तर नाही, आधी कल्पना देऊन, हात हलका करून परत करा. साधारण वर्षभरापर्यंतच्या बाळात अंगठा वर जाणं नॉर्मल आहे, आईला घाबरवू नका. मोठ्या माणसात तो वर गेला तर मात्र हलक्यात घ्यायचं नाही.

जर्क खूप उडते असतील तर क्लोनस (पाऊल आपोआप ठोके देत राहणं) पण बघा: गुडघा थोडा वाकवून पाऊल झटकन वर ढकलायचं आणि तसंच धरून ठेवायचं. दोन-तीन ठोके नॉर्मल माणसातही पडू शकतात, थांबतच नसेल तर ब्रेक सुटलाय.

## ७. लिहायचं कसं

० म्हणजे सगळं करून नाही. १+ म्हणजे कमी, किंवा फक्त रिइन्फोर्समेंटने आला. २+ नॉर्मल. ३+ उडता. ४+ क्लोनससकट. काड्यांचं माणसाचं चित्र काढून प्रत्येक सांध्यावर आकडा टाका, सगळ्यात कमी घोळ त्यात होतो. जेंड्रासिक वापरलं असेल तर शेजारी तसं लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला वाटतं पेशंट बिघडला.

## ८. वाचताना होणाऱ्या चुका

आकडा एकटा काही सांगत नाही. परीक्षेच्या टेन्शनमधल्या कॉलेजच्या पोरीचे सगळे जर्क ३+ असतील, दोन्हीकडे सारखे, प्लांटर खाली, क्लोनस नाही, तर तिला घरी पाठवा. एकाच बाजूला ३+ असेल आणि प्लांटर वर असेल तर ती पूर्ण वेगळी गोष्ट. शुगरवाल्यांत दोन्ही अँकल जर्क गेलेले असणं रोजचं आहे, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत दुसरं काही नसतानाही ते मिळत नाहीत.

स्लिप डिस्कबद्दल एक मोठा गैरसमज आहे. एल ५-एस १ ची डिस्क एस १ ची नस दाबते तेव्हा त्या बाजूचा अँकल जर्क कमी होतो, बरोबर. पण एल ४-५ च्या डिस्कमध्ये सहसा एल ५ ची नस दबते आणि तिचा रोज बघता येईल असा भरवशाचा जर्क नाही. म्हणजे जर्क सगळे नॉर्मल म्हणून डिस्क नाही असं सांगून मोकळं व्हायचं नाही, पायाचा अंगठा वर उचलायची ताकद बघा.

स्ट्रोकच्या पहिल्या काही दिवसांत अंग लुळं आणि जर्क कमी असू शकतात, ते नंतर चढतात. कॉर्डला अचानक मार बसला तरी सुरुवातीला तसंच. बी १२ कमी असलेल्यांत तर अजबच चित्र दिसू शकतं, अँकल जर्क नाही आणि प्लांटर वर, कारण नस पण गेलीय आणि कॉर्ड पण. कित्येक वर्षं मांस-अंडी न खाल्लेला, पायात मुंग्या सांगणारा, अंधारात तोल जाणारा पेशंट आला की मी आधी हीच जोडी शोधते.

## ९. लेबर रूमवाल्यांसाठी वेगळं

हे सिस्टर लोकांसाठी, कारण तिथे जर्कवरच पुढचं इंजेक्शन ठरतं. प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढणं) किंवा एक्लॅम्प्सियाला (त्यात झटके येणं) मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) चालू असतं तेव्हा प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: नी जर्क येतोय का, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का. मॅग्नेशियम रक्तात जास्त झालं की आधी जर्क जातो, श्वास त्यानंतर मंदावतो. तो मधला वेळ हाच आपल्याला मिळालेला इशारा. जर्क नसेल तर डोस थांबवायचा, लगेच डॉक्टरांना बोलवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी तयार.

एक सापळा आहे. सिझेरियनला स्पायनल (कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन) दिलेलं असेल तर त्याचा असर उतरेपर्यंत नी जर्क तसाही येणार नाही. तिथे बायसेप्स बघायचा. आणि पहिल्या डोसच्या आधी सगळे जर्क बघून लिहून ठेवायचे, नाहीतर मध्यरात्री "हिचा आधीपासूनच नव्हता का?" यावर वाद होतो आणि उत्तर कोणाकडेच नसतं.

## १०. घरी करून बघणाऱ्यांना

व्हिडिओ बघून तळहाताच्या कडेने गुडघ्यावर मारून बघणारे बरेच असतात. गंमत म्हणून करा, पण पाय उडाला नाही म्हणून झोप घालवू नका आणि उडाला म्हणून निर्धास्तही होऊ नका, वरचं एवढं पाल्हाळ त्यासाठीच लावलंय. खाली दिलेल्यात गुडघ्यावर मारत बसायचंच नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं: पायातून सुरू होऊन वर चढत जाणारा अशक्तपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेचा बधिरपणा. एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा अचानक गेला तर त्याच तासाला.